हौशी मंडळींचा येता हंगाम

पाऊस उघडला कीं हौशी नाट्यमंडळींत "यंदा कोणतें नाटक?" हा प्रश्न निघतो. आमच्या मतें ह्या प्रश्नाचें उत्तर बहुधा चुकीच्या माणसाकडे पाहून दिलें जातें. शहरांतील मंडळी परीक्षकाकडे पाहते, खेड्यांतील मंडळी जत्रेच्या पहिल्या रांगेंत बसणाऱ्या पुढाऱ्याकडे. ज्या शेजाऱ्यासाठीं हा सारा खटाटोप व्हावयाचा, तो दोघींच्याहि हिशेबांत नसतो. मुळेच्या खोऱ्यांतील भरे गांवाएवढी वस्ती डोळ्यांपुढें ठेवून आम्ही ह्या निवडीचा थोडा विचार करणार आहों. पिरंगुटच्या आसपास कारखाने व नवीं घरें उठल्यापासून अशा गांवांत भात लावणारा जुना रहिवासी आणि भाड्याच्या खोलींतला नवा कामगार शेजारींशेजारीं राहतात, पण एकमेकांच्या ओट्यावर क्वचितच बसतात. कसलेल्या नटांचें काम पाहावयाचें असल्यास कोथरूडचें यशवंतराव चव्हाण नाट्यगृह फार दूर नाहीं. गांवच्या मंडळीनें नाटक करण्याचें कारण त्याहून वेगळें असलें पाहिजे, आणि तें निवडींतच दिसलें पाहिजे.

राज्य नाट्यस्पर्धा १९५४ सालीं सुरू झाली. तिचे उपकार कोणी नाकारूं नयेत. विजय तेंडुलकरांचीं 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) व 'घाशीराम कोतवाल' (१९७२) हीं दोन्ही नाटकें तिच्याच वाटेनें रंगभूमीवर आलीं. परंतु महिनोन्‌महिने तालीम करून एकच प्रयोग करावयाचा व सामान बांधून ठेवावयाचें, ही खोडहि तिनेंच लावली. शिवाय तिची प्राथमिक फेरी सामान्यतः नोव्हेंबरच्या सुमारास येते, म्हणजे मुळशींत भाताची कापणी व झोडणी चालू असते त्याच वेळीं! ज्याच्या हातांत विळा आहे त्यानें तोंडाला रंग केव्हां लावावा? भरे गांवच्या मंडळीनें आपला हंगाम माघापासून चैत्रापर्यंत धरावा, आणि एका नाटकाचा नव्हे, तर एकमेकांशीं बोलणाऱ्या तीन नाटकांचा धरावा.

जुन्या नाटकांपैकीं 'एकच प्याला'चें नांव सर्वांत आधीं निघेल. गडकरी जानेवारी १९१९ मध्यें वारले आणि त्याच वर्षीं गंधर्व नाटक मंडळीनें हें नाटक रंगभूमीवर आणलें. गांवांत त्याची निवड करतांना "व्यसनमुक्तीचा प्रचार होईल" असें कारण दिलें जातें. आम्हांस ह्याविषयीं मोठी शंका आहे. हौशी प्रयोगांत काटछाट होते ती बहुतेक सिंधूच्या प्रवेशांची, कारण ते कठीण; आणि वाढतात ते तळीराम व आर्यमदिरामंडळाचे प्रवेश, कारण तेथें टाळी हमखास. परिणाम असा कीं, दारूवरचें नाटक दारुड्यांचीच करमणूक करून जातें. गडकऱ्यांची योजना ह्याच्या अगदीं उलट होती. तळीरामाच्या कोट्यांना जो प्रेक्षक पोटभर हसला, त्यालाच दळण दळणाऱ्या सिंधूसमोर आणून बसवावयाचें, म्हणजे मघाचें हसणें त्याच्याच अंगावर यावें. ही वजनें ज्या मंडळीला पेलत नाहींत तिनें हें नाटक खुशाल सोडून द्यावें. गाणीं कमी केलीं तर चालतील, भाषेचा फुलोराहि थोडा छाटावा. सिंधू छाटूं नये.

'शांतता! कोर्ट चालू आहे' हें नाटक खेड्यांत चालणार नाहीं असें म्हणणारे सद्गृहस्थ पुष्कळ आहेत. त्यांनीं तें नीट वाचलें नसावें. तें घडतेंच मुळीं एका खेड्यांत. शहरांतील एक हौशी मंडळी प्रयोगासाठीं येते, वेळ काढण्याकरितां खोटा खटला मांडते, आणि त्या खेळाच्या आडून बेणारे ह्या शिक्षिकेच्या खऱ्या आयुष्याचे लचके तोडते. गांवचा साधाभोळा सामंतहि साक्षीला उभा केला जातो. शहरांत हें नाटक पाहणारे बेणारेकडे पाहतात. भरे येथें होईल तेव्हां लोक सामंताकडे पाहतील, आणि आमच्या मतें तेथें नाटकाला नवा अर्थ येईल. आपण निरुपद्रवी आहों असें समजणारा मनुष्य त्या खेळांत किती सहज ओढला जातो!

अडचण आहे ती बेणारेचीच. अनेक ग्रामीण मंडळींत स्त्रीभूमिकेसाठीं बाहेरून बाई आणतात. ती शेवटच्या एकदोन तालमींना येते, काम करून जाते. १९३३ सालीं नाट्यमन्वंतरनें 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणलें व ज्योत्स्नाबाई भोळे ह्यांच्यासारख्या कुलीन स्त्रिया उघडपणें उभ्या राहिल्या, त्याला आतां नव्वदांहून अधिक वर्षें झालीं. तरीहि गांवची सून वा लेक रंगमंचावर येऊं लागली कीं ओट्यांवर कुजबूज होतेच. परकी बाई आणून, तिला पिंजऱ्यांत उभी करून सर्व गांवानें तमाशा पाहावयाचा असेल, तर मग नाटकांतील दुष्टपणा आणि प्रयोगाचा दुष्टपणा ह्यांत अंतर तें काय राहिलें? बेणारे गांवचीच मिळाली तर हें नाटक करावें, नाहीं तर एक वर्ष थांबावें.

देवलांच्या 'संशयकल्लोळा'विषयीं फार लिहावयास नको. तें हंगामाच्या आरंभीं ठेवावें. नवे-जुने शेजारी एकत्र हसले म्हणजे पुढील कठीण नाटकाला एकत्र बसतील.

तिसरें नाटक मात्र मंडळीनें स्वतः लिहावें. विषय शोधावयास दूर जाणें नको. टाटांच्या धरणाखालीं जमिनी जाऊं नयेत म्हणून १९२१ मध्यें मुळशीच्या मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. १९२४ पर्यंत तो चालला, आणि पांडुरंग महादेव बापट ह्यांना 'सेनापति' हें नांव त्यांतच मिळालें. लिहिणाऱ्यास आमची एकच सूचना: बापटांना नायक करूं नये. नायकाच्या भाषणांनीं नाटक भरून जाईल. कित्येक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गुंतलेल्या होत्या. सावकाराला मोबदला पुरत होता, कसणाऱ्याला जमीनच हवी होती. ही फूट आहे तेथेंच नाटक आहे. त्याला पडदे नकोत, पोशाख घरोघरीं मिळतील, आणि जमिनीचे भाव चढले असतां ज्यांनीं आपल्या विकल्या व ज्यांनीं त्या घेतल्या, ते दोघेहि आज प्रेक्षकांत बसलेले असतील. सावकाराचें काम कोणी घ्यावें ह्यावरून तालमींत भांडण झालें तरी तें होऊं द्यावें.