‘गोळी’ आणि ‘खोड’ : जपानी द्रुतगती लोहमार्गाच्या लोकसंमतीची परिभाषा

जपानी द्रुतगती रेल्वेची दोन नावे मुळात एकाच योजनेशी निगडित आहेत. 1940 मध्ये तोक्यो ते शिमोनोसेकी या नव्या लोहमार्गास संमती मिळाली, त्या सुमारास ‘दांगान रेश्शा’, म्हणजे बंदुकीच्या गोळीसारखी गाडी, हा शब्द लोकांच्या तोंडी रुळला; त्याच काळात ‘शिन्कान्सेन’ हेही नाव वापरात होते. ‘शिन्’ म्हणजे नवा, ‘सेन्’ म्हणजे रेषा किंवा मार्ग, आणि ‘कान्’ म्हणजे मूलतः झाडाचे खोड. युद्धामुळे काम थांबले. पुढे जपानी भाषेने दुसरे नाव स्थिर केले, इंग्रजीने पहिले उचलले, आणि तेच ‘बुलेट ट्रेन’ या रूपाने मराठीत आले. 2017 मध्ये पायाभरणी झालेल्या मुंबई-अहमदाबाद मार्गाची मराठीतील चर्चा याच शब्दाभोवती फिरत आली आहे. हा भेद केवळ व्युत्पत्तीपुरता मानणे चुकीचे ठरेल. एक नाव वाहनाचे आहे, दुसरे मार्गाचे. वाहन पसंत पडले की पुरते. मार्गाला मात्र संमती द्यावी लागते, कारण जमीन आणि कर्ज ही मार्गासाठीच मागितली जातात.

युद्धोत्तर जपानात ही संमती कशी मिळविली गेली, हे पाहण्याजोगे आहे. मे 1957 मध्ये रेल्वेच्या तांत्रिक संशोधन संस्थेने तोक्योतील गिंझा भागात एक जाहीर व्याख्यान ठेवले. त्याचा विषय ताशी वेगाचा नव्हता. तोक्यो-ओसाका तीन तासांत शक्य आहे, हा होता. सामान्य माणसाला किलोमीटरांपेक्षा तास अधिक कळतात, हे त्या अभियंत्यांनी अचूक ओळखले होते. शिवाय जुन्या तोकाइदो मार्गावरील गर्दी प्रत्येकाच्या अनुभवाची होती. युक्तिवादाला गरजेचा भक्कम आधार होता. खर्चाच्या बाबतीत मात्र हीच सचोटी आढळत नाही. रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो यांनी सुमारे 200 अब्ज येनांचा अंदाज पुढे केला. प्रत्यक्ष खर्च 380 अब्जांच्या घरात गेला. 1961 मध्ये जागतिक बँकेचे 8 कोटी डॉलरांचे कर्ज घेऊन सरकारला माघारीची वाट अवघड करून ठेवण्यात आली होती. सोगो यांना 1963 मध्ये पद सोडावे लागले, आणि ऑक्टोबर 1964 मध्ये 515 किलोमीटरांचा मार्ग सुरू झाला. यशामुळे त्या अंदाजपत्रकाकडे कौतुकाने पाहण्याची प्रथा पडली आहे. ती समर्थनीय नाही. आकडा लपवून मिळविलेली संमती ही संमती नव्हेच.

1970 च्या कायद्याने शब्दाचा अर्थच पालटला. ताशी 200 किलोमीटर वा अधिक वेगाने धावू शकणारा मुख्य लोहमार्ग, अशी शिन्कान्सेनची व्याख्या झाली; पण कायद्याच्या नावातच ‘झेन्कोकु’, म्हणजे ‘संपूर्ण देश’, हे पद आले. खोड एकच असते. संपूर्ण देश म्हटला की प्रत्येक फांदी खोडाचा मान मागू लागते. युक्तिवाद गरजेवरून वाट्यावर घसरला. जपानीत त्यासाठी शब्दही आहे : ‘गादेन इन्सुइ’, आपल्याच शेतात पाणी वळविणे, यावरून घडलेला ‘गादेन इन्तेत्सु’, आपल्याच शेतात लोखंड वळविणे. (आपल्याच पोळीवर तूप ओढणारी मराठी याचे मर्म सहज जाणील.)

परंतु वाट्याची भाषा सर्वांनाच भुरळ घालते असे नाही. नव्या मार्गांच्या बांधकामाचा एक भाग प्रांतांना सोसावा लागतो, आणि समांतर जुन्या मार्गाची जबाबदारीही बहुधा त्यांच्यावर येते. क्यूशूतील सागा प्रांताहून फुकुओकास साध्या जलदगाडीनेही पाऊण तासाच्या आत पोचता येते. तेथे ‘देशाचे जाळे’ हा शब्द फिका पडला. सप्टेंबर 2022 मध्ये नागासाकी ते ताकेओ-ओन्सेन हा सुमारे 66 किलोमीटरांचा तुकडा सुरू झाला, पण उरलेल्या जाळ्याशी तो जोडलेला नव्हता. ताकेओ-ओन्सेन स्थानकात प्रवासी नव्या गाडीतून उतरून त्याच फलाटावरील जुन्या मार्गाच्या गाडीत बसू लागले.