खांडववन आणि देवराई

आपल्या धर्मपरंपरेंत सृष्टीच्या रक्षणाची शिकवण मुळापासूनच आहे, हें विधान अलीकडे इतक्या वेळां कानीं पडतें कीं, त्यास पुरावा मागणें हीच अश्रद्धा ठरावी. या मताचे लेखक अथर्ववेदांतील भूमिसूक्ताचा दाखला देतात. एक वृक्ष दहा पुत्रांच्या तोलाचा मानणाऱ्या मत्स्यपुराणाचा देतात. आणि मग शाकुंतलाच्या चौथ्या अंकाकडे वळतात. हीं वचनें खरीं आहेत, सुंदरही आहेत. परंतु वेंचून काढलेल्या वचनांवरून एखाद्या परंपरेची परीक्षा होते काय, असा आमचा प्रश्न आहे.

शाकुंतलच घेऊं. झाडांस पाणी घातल्यावांचून स्वतः पाणी न पिणारी शकुंतला सर्वांच्या स्मरणांत असते. पण त्याच नाटकाचा आरंभ मृगयेनें होतो, याचा सहसा विसर पडतो. दुष्यंत हरिणाच्या पाठीस लागलेला असतो. हा आश्रमाचा मृग आहे, यास मारूं नये, असें तपस्वी सांगतात आणि राजा जोडलेला बाण मागें घेतो. मृगया हा अधर्म आहे, असें तेथें कोणी म्हणत नाहीं. तेथें दाखविली जाते ती एक सीमा, आणि सर्व राज्याचा धनी असलेला पुरुष ती निमूटपणें मानतो. आमच्या मतें या परंपरेचें मर्म त्या मागें घेतलेल्या बाणांत आहे. निसर्गाविषयींचें प्रेम पुष्कळ देशांच्या काव्यांत आढळेल. समर्थानें आपला हात कोठें आवरावा हें सांगणारी सीमा ही त्याहून मोलाची आहे.

अशी सीमा जेथें नव्हती तेथें काय झालें, हेंही आमच्याच ग्रंथांत आहे. आदिपर्वांत अग्नीच्या तृप्तीसाठीं कृष्ण आणि अर्जुन खांडववन जाळूं देतात, आणि बाहेर पडूं पाहणाऱ्या जीवांस शस्त्रांनीं अडवून मारतात. अश्वसेन नाग, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याचीं चार पिलें एवढे सहाच जीव त्या दाहांतून वांचले. इरावतीबाई कर्व्यांनीं १९६७ सालच्या ‘युगान्त’मध्यें या प्रसंगांतील भूमीची हांव आणि क्रौर्य हीं दोन्ही भीड न ठेवतां वाचकांपुढें मांडलीं. आम्हांस त्यापुढें एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, महाभारतकारानें हें कर्ज फिटलें असें कोठेंही दाखविलेलें नाहीं. तोच अश्वसेन सूडासाठीं कर्णाच्या बाणावर येऊन बसतो. त्या दिवशीं वनांत नसल्यामुळें वांचलेला तक्षक, शापाच्या निमित्तानें कां होईना, पुढें अर्जुनाच्या नातवास डसतो. आणि त्या दंशाचा सूड म्हणून मांडलेल्या सर्पसत्रांतच भारताची कथा सांगितली जाते. परंपरेच्या अभिमान्यांनीं नेमका हाच भाग वगळावा, यांत परंपरेचा सन्मान नाहीं.

सीमा मानण्याचें उदाहरण पाहावयाचें तर सह्याद्रीकडे वळावें. काळकाई, वाघजाई, भैरोबा यांच्या नांवें राखलेल्या देवरायांत झाडास कुऱ्हाड लावूं नये, कित्येक ठिकाणीं तर गळून पडलेलें लांकूडही घरीं नेऊं नये, असा दंडक असे. तो पाळणारे बहुधा शेतकरी आणि गुराखी. संस्कृत सुभाषितें त्यांच्या कानांवरून क्वचितच गेलीं असतील. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनीं १९७० नंतरच्या दशकांत या रायांचा अभ्यास केला, आणि भोंवतालचें रान उजाड झालें असतां दुर्मिळ वृक्षवेली येथें टिकून राहिल्याचें दाखविलें. हें सर्व देवाच्या भयानें घडलें, ज्ञानानें नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. तो आम्हांस मान्य आहे. राईच्या सीमेबाहेरचें रान त्याच गांवांनीं तोडलें, हेंही खरें. पण सीमेच्या आंत जें राहिलें तें त्या दंडकामुळेंच राहिलें, हें नाकारतां येत नाहीं.

आतां तें भय ओसरत आहे, आणि त्याची जागा ज्ञानानें पुरती घेतलेली नाहीं. आजवर झाडांच्या सावलींत उघड्यावर नांदलेल्या देवीस सिमेंटचें देऊळ हवें, देवळास सभामंडप हवा, मंडपापर्यंत मोटारीचा रस्ता हवा. आणि या सर्वांसाठीं राईंतील जुनीं झाडें पाडलीं जातात. ज्या देवाच्या नांवें सीमा आंखली गेली, त्याच देवाच्या नांवें ती पुसली जाते, आणि यास जीर्णोद्धार म्हणतात. पाडणारांस आपण कांहीं अधर्म करीत आहों असें वाटत नाहीं, ही त्यांतील अधिक काळजीची गोष्ट होय.

या जीर्णोद्धाराच्या वर्गणीचा मोठा भाग शहरांत स्थायिक झालेल्या, सुशिक्षित कुटुंबांकडून जातो. आमच्या वाचकांपैकींही पुष्कळांच्या घरीं गांवाहून पावतीपुस्तक येत असेल. वर्गणी देऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र देण्यापूर्वीं राईंतील किती झाडें उभीं राहणार आहेत, हें विचारावें. आणि उत्तर समाधानकारक नसेल तर हात आवरावा. भूमिसूक्ताचा अभिमान बाळगणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा करणें अवास्तव नाहीं.