तिसऱ्या नंबरचा अल्बम



रिसर्च प्रपोजल लिहायला बसलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न हमखास पडतो: सॅम्पल निवडायचं कसं? पुस्तकात त्याची व्याख्या मिळते, ती नेटच्या परीक्षेला पुरते. मला मात्र ते समजलं तीन अल्बममुळे. आणि खरं सांगायचं, तर त्यातला एक न ऐकल्यामुळे.

माझा विषय अमेरिकन लोकप्रिय संगीत आणि त्याचे चार्ट. 'बिलबोर्ड २००' हा तिथला अल्बमचा साप्ताहिक चार्ट. एखादा आठवडा घ्यायचा, त्यात नव्याने शिरलेले अल्बम क्रमाने ऐकायचे आणि त्या काळाबद्दल काय कळतं ते लिहायचं, अशी माझ्या एका प्रकरणाची पद्धत होती. आठवडा निवडला २९ सप्टेंबर २००७ चा. त्यात पहिल्या तिन्ही जागांवर नवे अल्बम होते. कान्ये वेस्टचा 'ग्रॅज्युएशन' पहिला, त्याच्या ९,५७,००० प्रती खपल्या. फिफ्टी सेंटचा 'कर्टिस' दुसरा, ६,९१,०००. केनी चेस्नीचा 'जस्ट हू आय ॲम: पोएट्स अँड पायरेट्स' तिसरा, ३,८७,०००.

(इथे एक गोष्ट टिपून ठेवा. हे अल्बम बाजारात आले ११ सप्टेंबरला, विक्री मोजली १६ तारखेपर्यंतची आणि चार्टवर तारीख पडली २९. डेटावर छापलेली तारीख आणि घटना घडल्याची तारीख एकच आहे असं कधी धरून चालू नका.)

पहिल्या दोघांची झुंज तेव्हा खूप गाजली होती. कान्येचा अल्बम जास्त खपला तर आपण पुन्हा सोलो अल्बम काढणार नाही, असं फिफ्टी सेंट जाहीरपणे म्हणाला होता. (पुढे काढलेच, ती गोष्ट वेगळी.) निकाल लागल्यावर त्याचा अर्थही लगेच लावला गेला: बंदुकीच्या भाषेतला गँगस्टा रॅप हरला, मनातलं बोलणारा रॅप जिंकला. मीही तेच लिहिलं. तीस पानं.

गाईड मॅडमनी मसुदा वाचला आणि विचारलं, "तिसऱ्या नंबरवर काय होतं गं?"

"कंट्री आहे मॅडम. विषयात बसत नाही."

"हे ऐकून ठरवलंस की न ऐकता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'नव्याने शिरलेले अल्बम क्रमाने ऐकले' हे वाक्य माझ्याच पद्धतीच्या विभागात होतं, आणि ते खोटं होतं. कुणाला फसवायचा हेतू नव्हता, नुसता कंटाळा केला होता. पण वाचणाऱ्याला हेतू कुठे दिसतो?

मग तिन्ही अल्बम एका दिवसात, क्रमाने, एकही गाणं न गाळता ऐकले. काय ऐकू आलं ते सांगते.

'ग्रॅज्युएशन' १३ गाण्यांचा आहे. आधीच्या दोन अल्बममध्ये गाण्यांच्या मध्ये विनोदी संवादांचे तुकडे होते, ते इथे काढून टाकलेत. कान्ये आधी यू-टू या बँडच्या दौऱ्यात त्यांच्या आधी गायचा, स्टेडियम भरलेलं असायचं, आणि त्याचा परिणाम या अल्बमवर उघड दिसतो. सिंथचे सूर लांब आणि रुंद, तर शब्द कमी, हजारो लोकांना एकदम म्हणता येतील असे. 'स्ट्राँगर'मध्ये डाफ्ट पंकचा तुकडा घेतलाय तो याच कामासाठी. सगळंच चांगलं आहे असं नाही. 'ड्रंक अँड हॉट गर्ल्स' अक्षरशः रेंगाळतं आणि शब्दांची धार आधीच्या अल्बमपेक्षा बोथट आहे.

'कर्टिस'चे इंट्रो धरून १७ ट्रॅक. 'आय गेट मनी' आजही कडक वाटतं: एक जुना ड्रमचा ठेका, त्यावर सपाट, आत्मविश्वासाने भरलेला आवाज, बस. पण पाहुण्यांची रांग लागते तसा मालक घरात दिसेनासा होतो. 'आयो टेक्नॉलॉजी'मध्ये जस्टिन टिंबरलेक आणि टिंबालँड इतके भरून राहिलेत की फिफ्टी सेंटच पाहुणा वाटतो. हे संगीत कारमधलं आहे, क्लबमधलं आहे. आवाज कानाशी येऊन बोलतो, पण हजार लोकांनी एकत्र म्हणावं असं त्यात फारसं काही नाही.

आणि चेस्नी. मी नाक मुरडूनच सुरुवात केली. 'डोंट ब्लिंक'मध्ये १०२ वर्षांचे आजोबा टीव्हीवर आयुष्याचं गुपित सांगतात. गाणं भावुक आहे, उपदेशही जरा जास्तच आहे, माझं मत बदललेलं नाही. पण जॉर्ज स्ट्रेटबरोबरचं 'शिफ्टवर्क' लागलं आणि मी थांबले. तीन पाळ्यांत कामाला जाणाऱ्या माणसाचं गाणं. माझ्या बाबांनी बावीस वर्षं कारखान्यात फर्स्ट, सेकंड, नाईट केली. नाईट असली की दिवसा घरात आम्ही कुजबुजत बोलायचो. त्या थकव्यावर इतकं हलकं, हसतमुख गाणं होऊ शकतं हे मला माहीतच नव्हतं. 'विषयात बसत नाही' म्हणून बाजूला ठेवलेलं गाणं थेट आमच्या घरात येऊन बसलं.

पण माझ्या आठवणी म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा वेगळाच निघाला. चेस्नी त्या वर्षांत उन्हाळ्यात फुटबॉलची स्टेडियम भरवत होता. त्याची ध्रुवपदं ऐका: सोपी, मोकळी, दुसऱ्यांदा आली की आपण म्हणायला लागतो. म्हणजे पहिला आणि तिसरा अल्बम, एक रॅप आणि एक कंट्री, दोन्ही गर्दीने एकत्र गावं म्हणून बांधलेले. मधला तसा नाही. त्या आठवड्यातला फरक कठोर विरुद्ध हळवा असा नसून क्लब विरुद्ध स्टेडियम असा असेल का? हा प्रश्न तिसरा अल्बम ऐकल्याशिवाय पडूच शकत नव्हता. तीन अल्बमवरून मी त्याला निष्कर्ष म्हणणार नाही. पण तीस पानांच्या तयार उत्तरापेक्षा हा प्रश्न चांगला आहे.

आकडेही पुन्हा पाहिले. कान्येचा आधीचा अल्बम पहिल्या आठवड्यात ८,६०,००० खपला होता, म्हणजे तो सुमारे एक लाखाने वर गेला. फिफ्टी सेंटचा आधीचा, २००५ चा, ११ लाखांहून जास्त खपला होता, तो साडेचार लाखांच्या आसपास खाली आला. पण २००७ मध्ये अमेरिकेतली एकूण अल्बमविक्रीच सुमारे १५ टक्क्यांनी घसरली होती. म्हणजे या घसरणीत गायकाचा वाटा किती आणि बाजाराचा किती, हे वेगळं करावं लागेल. 'हरला' हा शब्द इतका सोपा नाही.

मोजण्याचं साधनही तपासा. १९९१ पर्यंत हा चार्ट दुकानदारांनी कळवलेल्या याद्यांवर बनायचा. मे १९९१ पासून साउंडस्कॅनमुळे बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊ लागली. त्याआधी थेट पहिल्या नंबरवर शिरलेले अल्बम एकूण फक्त सहा. नंतर काही महिन्यांतच गार्थ ब्रूक्सचा कंट्री अल्बम थेट पहिला आला, आणि एन.डब्ल्यू.ए.चा रॅप अल्बम दुसऱ्या नंबरवर शिरून पुढच्या आठवड्यात पहिला झाला. लोकांची आवड काही एका रात्रीत बदलली नाही, बदलली ती मोजपट्टी. कंट्री आणि रॅप विकले जातच होते, यादी करणाऱ्यांना ते कमी दिसत होते. मी जे चेस्नीशी केलं, तेच.

एक गंमत सांगते. त्या सहांपैकी पहिला होता एल्टन जॉनचा १९७५ चा 'कॅप्टन फँटास्टिक'. 'ग्रॅज्युएशन'च्या 'गुड मॉर्निंग'मध्ये त्याच अल्बममधल्या गाण्याचा तुकडा आहे. असे धागे कानालाच सापडतात, तक्त्यात नाही.

तर तुमचं सॅम्पल कशाचंही असो, वर्तमानपत्रांचं, गावांचं, कवितांचं, निवडीचा नियम आधी कागदावर लिहा. मग त्या नियमाने जे जे आत येतं ते सगळं वाचा, पाहा, ऐका. काही वगळायचं असेल तर खुशाल वगळा, पण ऐकून झाल्यावर, आणि कारण लिहून.

माझी तीस पानं गेली. नव्या मसुद्याची अकरा झालीत. मॅडमनी अजून वाचलेली नाहीत.