ख्रिस्ती धर्मशिक्षण-ग्रंथ, आद्य मुद्रित (मराठी-कोंकणी)

ख्रिस्ती धर्मतत्त्वे नवख्रिस्ती समाजास शिकवावीत व चर्चच्या आज्ञा पाळण्याचे वळण त्यास लावावे, या हेतूने मराठी व कोंकणी भाषांत रचून छापलेले ग्रंथ. त्यांचे दोन स्वतंत्र कालखंड पडतात. पहिला गोव्यातील जेझुइट धर्मगुरूंचा, १७ व्या शतकातील. दुसरा मुंबई व दख्खनमधील प्रॉटेस्टंट मिशनांचा, १९ व्या शतकातील. पहिल्या कालखंडातील ग्रंथांमागे राजसत्तेचे बळ होते, दुसऱ्यात ते तसे नव्हते. या ग्रंथांचे मूल्यमापन करताना हा भेद ध्यानी ठेवावा लागतो.

पार्श्वभूमी : भारतातील पहिले मुद्रणयंत्र १५५६ मध्ये गोव्यास आले. ते ॲबिसिनियासाठी पाठविलेले होते. परंतु गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात राहिले. तेथे १५५७ मध्ये फ्रान्सिस झेव्हिअरची पोर्तुगीज धर्मतत्त्वपुस्तिका छापली गेली. तिची प्रत आज उपलब्ध नाही. मुद्रणाच्या अगदी आरंभी धर्मशिक्षणाचे पुस्तक हाती घेतले जावे, यात नवल नाही. १५४२ मध्ये गोव्यास आल्यावर झेव्हिअर रस्त्यांतून घंटा वाजवीत मुलांना गोळा करी आणि प्रार्थना व आज्ञा त्यांच्याकडून पाठ करून घेई. मुलांनी घरी जाऊन त्याच वडीलधाऱ्यांना म्हणून दाखवाव्यात, अशी ही योजना होती. पाठांतर हा या शिक्षणाचा पाया होता आणि छापील पुस्तक हे त्या पाठांतरातील शब्दन्‌शब्द स्थिर ठेवण्याचे साधन होते.

तमिळ भाषेत अशी पुस्तके १५७८ मध्ये कोल्लम व १५७९ मध्ये कोचीन येथे तमिळ लिपीतच छापली गेली. गोव्यात मात्र मराठी-कोंकणी छपाईसाठी देशी लिपीचे खिळे वापरात आले नाहीत. थॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाने १६०८ मध्ये आपल्या संघाच्या प्रमुखास लिहिलेल्या पत्रात हे शल्य बोलून दाखविले आहे. यूरोपीय लिपीस चोवीस साचे पुरतात, येथे सु. सहाशे लागतात, ही अडचण त्याने तेथे नोंदविली आहे. परिणामी गोव्यातील सर्व मराठी-कोंकणी ग्रंथ रोमन लिपीत छापले गेले. ही केवळ तांत्रिक तडजोड नव्हती. रोमन अक्षरे धर्मगुरू आणि चर्चच्या शाळांत शिकलेली मुले यांनाच अवगत होती. त्यामुळे सर्वसामान्य श्रोत्यास हा ग्रंथ स्वतः उघडून वाचता येत नसे. तो त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागे. धर्मशिक्षण व आज्ञापालन यांची सांगड या लिपीमुळे अधिकच घट्ट झाली.

साष्टीची परिस्थिती : साष्टी प्रांत १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. पुढे तेथील धर्मप्रसाराचे कार्य जेझुइटांकडे सोपविण्यात आले. १५६७ मध्ये तेथील देवळे पाडण्यात आली. त्याच वर्षी गोव्यात भरलेल्या पहिल्या धर्मप्रांतीय परिषदेने हिंदूंच्या धार्मिक आचारांवर व ग्रंथांवर कडक निर्बंध सुचविले. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे रोडॉल्फो ॲक्वाव्हिव्हा याच्यासह पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर ग्रामस्थांच्या प्रमुखांना ठार करण्यात आले. पुराण-कीर्तनाची परंपरा अशी बळाने खंडित झालेल्या समाजापुढे हे नवे ग्रंथ आले.

दौत्रिन क्रिस्तां (१६२२) : स्टीफन्सचा हा कोंकणी गद्यग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर रायतूर (राशोल) येथील जेझुइट महाविद्यालयात छापला गेला. मार्कुश जॉर्ज याच्या पोर्तुगीज पुस्तकावर तो आधारलेला असून मुलांना शिकविण्यासाठी संवादरूपाने त्याची मांडणी केली आहे. क्रुसाची खूण, प्रभूची प्रार्थना, मरियेची वंदना, श्रद्धेची कलमे, देवाच्या दहा आज्ञा, चर्चच्या पाच आज्ञा, संस्कार, पापांचे प्रकार व दयेची कृत्ये हे या परंपरेतील पुस्तकांचे ठरलेले विषय होत. जॉर्जच्या मूळ पुस्तकात गुरू विचारतो व शिष्य उत्तर देतो. पहिला प्रश्नच शिष्य ख्रिस्ती आहे काय, असा आहे. म्हणजे ज्ञानाची जिज्ञासा शिष्याची नसते. उत्तर आधीच ठरलेले असते आणि ते अचूक म्हणून दाखविणे हीच परीक्षा असते.

आज्ञापालनाची शिकवण या पुस्तकांत दोन ठिकाणी विशेषत्वाने येते. एक, चर्चच्या पाच आज्ञांत : रविवारी व सणाच्या दिवशी मिस्सा ऐकणे, वर्षातून एकदा पापनिवेदन करणे, ईस्टरच्या सुमारास ख्रिस्तप्रसाद घेणे, नेमलेले उपवास पाळणे आणि चर्चला दशमांश देणे. या आज्ञांमुळे श्रद्धा हा अंतःकरणाचा विषय न राहता दिवस, तिथी व हजेरी यांनी मोजता येणारा आचार बनतो. दुसरे स्थळ दहा आज्ञांपैकी आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेचे. ट्रेंट परिषदेनंतर १५६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोमन धर्मतत्त्वग्रंथाने या आज्ञेचा अर्थ वाढवून आईबापांच्या जोडीला बिशप, धर्मगुरू, राजे, अधिकारी व वडीलधारी माणसे यांचाही तीत समावेश केला. कॅथलिक धर्मशिक्षणाने हा अर्थ पुढे चालविला. घरातील आज्ञाधारकपणाच्या ओळखीच्या भावनेवर चर्चच्या व राजाच्या आज्ञेची उभारणी करणे, हे या अर्थविस्ताराचे इंगित होय. साष्टीतील मुलाच्या बाबतीत मात्र यात एक पेच होता. ज्याचे आईबाप जुन्या देवांना धरून राहिले, त्या मुलाला आईबापांचा मान आणि धर्मगुरूची आज्ञा यांतून एकाची निवड करणे भाग पडे. घराच्या दाखल्यावर रचलेली ही शिकवण अशा घरात घराविरुद्धच जाई.

दिओगु रिबैरु याने बेलार्मीन याच्या विवेचनावर आधारलेला दुसरा कोंकणी ग्रंथ १६३२ मध्ये रायतूर येथे छापला. स्टीफन्सचे कोंकणी व्याकरणही त्यानेच संस्कारून १६४० मध्ये प्रसिद्ध केले. ही दोन्ही कार्ये एकाच हातून झाली, हे लक्षणीय आहे. जनतेला शिकविण्यापूर्वी धर्मगुरूला स्वतः जनतेच्या भाषेचे नियम शिकून ते पाळावे लागत होते.

क्रिस्तपुराण (१६१६) : स्टीफन्सची कीर्ती मुख्यतः या मराठी ओवीबद्ध काव्यावर अधिष्ठित आहे. त्याचे दोन भाग असून पहिल्यात ३६ व दुसऱ्यात ५९ अवस्वरू, म्हणजे सर्ग, आहेत. एकूण ओव्या १०,९६२ आहेत. पहिल्या भागात विश्वोत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा येते, तर दुसऱ्यात येशूचे चरित्र. ते रायतूर येथे १६१६ मध्ये छापले गेले आणि पुढे १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा निघाले. यांपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही.

दौत्रिन क्रिस्तां  व क्रिस्तपुराण यांचा उद्देश एकच. परंतु त्यांतील संवादाची दिशा उलट आहे. क्रिस्तपुराणात प्रश्न श्रोता विचारतो व उत्तर पाद्री देतो. आरंभीच्या अवस्वरूत एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? ग्रंथाच्या निर्मितीचे निमित्त म्हणून हा प्रश्न योजिला आहे. त्यामागे रचनेचे कौशल्य तर आहेच. पण हिरावलेल्या गोष्टीची कबुलीही आहे. बंदी घालणाऱ्या व्यवस्थेचाच एक घटक असलेल्या कवीने त्या बंदीने निर्माण केलेली पोकळी श्रोत्याच्या तोंडून उच्चारावी, ही या काव्यातील सर्वांत महत्त्वाची घटना होय. केवळ आज्ञा देऊन माणसाचे मन भरत नाही, त्यास कथा लागते, हे स्टीफन्सने ओळखले होते.

म्हणूनच त्याने ख्रिस्ती कथेला पुराणाचे रूप दिले. ओवीचा छंद, नमन, श्रोत्यांचे अवधान मागणे, दृष्टांतांची माला, भाषेची स्तुती ही सारी अंगे मराठी संतकवींच्या ग्रंथांतून श्रोत्यांच्या परिचयाची होती. एकनाथांचे (१५३३–९९) भागवत  स्टीफन्स गोव्यात येण्यापूर्वी सहा वर्षे, १५७३ मध्ये पूर्ण झाले होते. स्वर्गासाठी वैकुंठ, मरियेसाठी देवमाता असे शब्द तो निःसंकोचपणे योजतो. चर्चच्या संस्कारांशी व अधिकारपदांशी निगडित असलेल्या संज्ञांत मात्र पोर्तुगीज-लॅटिन शब्दांचा अवलंब होतो. या विभागणीत एक धोरण दिसते : भक्तिभावाची भाषा देशी, अधिकाराची भाषा परकी.

तथापि शब्द आपला पूर्वेतिहास सोबत आणतात. वैकुंठ म्हणताच श्रोत्याच्या मनात विष्णूचे स्मरण जागे होणे अटळ होते. पुराणाचा साज घेतल्यावर पुराण ऐकण्याची रीतही आपोआप आली. म्हणजे एकत्र बसणे, रस घेणे, वाचणाऱ्यास अर्थ विचारणे. क्रिस्तपुराण  रविवारी व सणांच्या दिवशी मिस्सेनंतर चर्चमध्ये वाचले जात असे. शिकवणुकीसाठी रचलेले काव्य अशा रीतीने समाजाचे स्वतःचे झाले. सक्तीच्या वातावरणात जन्मूनही त्यात जो जिव्हाळा आढळतो, त्याचे कारण कवीने भाषेपुढे नमते घेतले, हे होय.

इतर ग्रंथ : एत्येन द ला क्रुआ (१५७९–१६४३) या फ्रेंच जेझुइटाचे संत पीटरच्या चरित्रावरील मराठी ओवीबद्ध काव्य गोव्यात १६२९ व १६३४ मध्ये दोन भागांत छापले गेले. विस्ताराने ते क्रिस्तपुराणाच्या तोडीचे आहे. परंतु हिंदू देवता व पुराणकथा यांच्या खंडनावर त्यात फार भर आहे. चर्चच्या पहिल्या अधिपतीचे चरित्र निवडण्यातच अधिकाराच्या प्रतिष्ठापनेचा हेतू उघड होतो. खंडनासाठी केलेला पुराणांचा अभ्यास दांडगा असला, तरी वादाच्या आवेशात कथारस मागे पडतो. आंतोनियु द साल्दान्य याचा संत अँथनीवरील ग्रंथ (१६५५), मिगेल द आल्मैद याचा पाच भागांतील कोंकणी गद्यग्रंथ (१६५८–५९) व झुआंव द पेद्रोझ याचा आत्मचिंतनपर ग्रंथ (१६६०) हे या मालिकेतील उल्लेखनीय ग्रंथ होत. आल्मैदचे गद्य कोंकणीच्या तत्कालीन रूपाचा साक्षीदार म्हणून मोलाचे आहे.

ऱ्हास व जतन : १७ व्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातील मुद्रण बंद पडले व ते १८२१ पर्यंत सुरू झाले नाही. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्वोर याने स्थानिक लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. ज्या भाषेतून आज्ञापालन शिकविले, तीच सोडण्याची आज्ञा झाली. ती मात्र लोकांनी मानली नाही. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी क्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती जपल्या. त्यांच्या आधारे जोसेफ साल्दान्य यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे नवी आवृत्ती काढली. देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित लंडनमधील मार्सडेन संग्रहात आढळले. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. दौत्रिन क्रिस्तांची छायामुद्रित आवृत्ती मारियानु साल्दान्य यांनी १९४५ मध्ये लिस्बन येथे काढली.

दख्खनमधील दुसरा कालखंड : अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईस आले. त्यांच्या मुद्रणालयात १८१७ मध्ये पहिली मराठी धर्मपुस्तिका देवनागरीत छापली गेली. मराठी नवा करार  १८२६ मध्ये पूर्ण झाला. अहमदनगर येथे ज्ञानोदय  हे नियतकालिक १८४२ मध्ये निघाले. १९ व्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीची ठाणी नासिकप्रमाणेच पुणे जिल्ह्यातील जुन्नर येथेही होती. मुंबई-पुण्याकडील छापखान्यांतून निघालेला धर्मविचार अशा ठाण्यांमार्फत डोंगराळ मावळपट्ट्याच्या उंबरठ्यावर पोहोचला. येथे ग्रंथ वाचकाच्या लिपीत होता आणि तो नाकारण्याचे स्वातंत्र्य वाचकास होते. त्यामुळे पाठांतराची जागा हळूहळू वादाने व निवडीने घेतली. बाबा पदमनजी यांनी यमुनापर्यटन  (१८५७) या कादंबरीत विधवांच्या दुःखातून धर्मविचार मांडला, तो याच बदलाचा परिपाक होय.

मुद्रित शिकवणीचे परिणाम शिकविणाऱ्याच्या हाती राहिले नाहीत. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुले यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला व देव आणि माणूस यांमधील मध्यस्थाचा अधिकारच नाकारला. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे पुरोहितांवाचून लावलेल्या सत्यशोधक विवाहांचा वाद पुढे न्यायालयापर्यंत गेला.

मूल्यमापन : या ग्रंथांकडे केवळ धर्मप्रसाराची हत्यारे म्हणून पाहणे अपुरे आहे, तसेच भाषासेवेच्या गौरवात त्यांच्यामागील सक्ती झाकून टाकणेही अनैतिहासिक आहे. दौत्रिन क्रिस्तां  हा आज्ञापालनाचा नमुनेदार ग्रंथ होय. त्याचे महत्त्व कोंकणी गद्याच्या व मुद्रणाच्या इतिहासात आहे. क्रिस्तपुराण  हे त्याच व्यवस्थेतून निपजले, तरी श्रोत्याच्या प्रश्नाला त्यात स्थान मिळाल्याने ते काव्याच्या पदवीला पोहोचले. छापील आवृत्त्या नष्ट झाल्यावरही ज्यांना आज्ञा पाळण्यास शिकविले, त्यांच्याच वंशजांनी ते कोणाच्याही आज्ञेवाचून हाताने उतरवून टिकविले, यातच त्याच्या गुणवत्तेची साक्ष आहे.