वाळूचे घर आणि गावकुसाबाहेरचा झिरा

गेल्या उन्हाळ्यात पाचोऱ्यात एका स्नेह्याच्या घरी आम्ही पाचसहा जणांनी एक ब्राझिलियन चित्रपट पाहिला. 'कासा दे अरेआ', म्हणजे वाळूचे घर. आंद्रुशा वॉडिंग्टन यांनी तो २००५ साली दिग्दर्शित केला. १९१० साल. एक हट्टी माणूस आपली गरोदर बायको आउरेआ आणि तिची आई यांना मारान्याओच्या वाळूच्या टेकड्यांत घेऊन येतो. इथे शेती फुलवायची, हा त्याचा ध्यास. बरोबरची माणसे पळून जातात, नवरा घराखाली दबून मरतो आणि दोघी बाया मागे उरतात. तिथेच मुलगी जन्मते. वाळू घरात शिरत राहते आणि कथा १९६९ पर्यंत पोहोचते. फर्नांडा मॉन्टेनेग्रो आणि फर्नांडा टोरेस या प्रत्यक्षातल्या मायलेकींनी या तीन पिढ्या उभ्या केल्या आहेत. अभिनय असा की पाहणाऱ्याला बोलणे सुचू नये.

चित्रपट संपल्यावर मात्र आम्ही बोललो, आणि सगळ्यांचा सूर एकच होता: बाईची जात चिवट. मीही तेच म्हणालो. वर माझ्या आजीचे उदाहरण दिले. आमच्या हिवरा नदीचे पात्र उन्हाळ्यात कोरडे पडे, तेव्हा आजी वाळूत हातांनी झिरा उकरी आणि वाटीवाटीने पाणी काढून घागर भरी. तिची आईही तेच करीत आलेली. हे मी अनेक सभांतून सांगितले आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. त्या रात्री मागच्या खोलीतून माझी वृद्ध आत्या एवढेच म्हणाली, "तिले कोनी इचारलं व्हतं का, ऱ्हाशील का जाशील?"

हा लेख म्हणजे त्या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

पहिली गोष्ट, माझ्या आजीचे वाळवंट निसर्गाने केलेले नव्हते. गावात विहीर होती आणि तिला पाणीही होते. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे मंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. पूर्व खानदेश त्याच मुंबई इलाख्यात होता. पण ठराव कागदावर राहिला, म्हणून तर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या तळ्यावर जावे लागले. आणि आजी झिराच उकरीत राहिली. दुष्काळ आभाळातून येतो. भरल्या विहिरीपासून वीस पावलांवरची तहान आभाळातून येत नाही.

एकाकीपणाचेही तसेच. आउरेआला बाहेर जायचे तर मैलोन् मैल वाळू तुडवावी लागते. आमच्याकडे रेल्वे होती. याच लोहमार्गावरच्या चाळीसगावला १९२९ साली बाबासाहेब उतरले, तेव्हा एकही टांगेवाला त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर टांगा मिळाला तो हाकणाऱ्यावाचून. महारवाड्यातल्याच एकाने तो हाकला. त्याला सवय नव्हती आणि पुलावर बाबासाहेब खाली फेकले गेले. ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. बॅरिस्टर झालेल्या माणसाला रेल्वे स्टेशनापासून महारवाड्यापर्यंतची वाट जिथे बंद होती, तिथे एकाकीपणा अंतराने मोजता येत नाही.

ही दृष्टी घेऊन मी चित्रपट पुन्हा पाहिला. या वेळी मला दिसला मासू. त्या वाळूत पळून गेलेल्या गुलामांच्या वंशजांची एक वस्ती आहे. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली. त्याआधी जे पळाले, त्यांनी मालकाचा घोडा पोहोचणार नाही अशी जागा निवडली. आउरेआला जो तुरुंग वाटतो, तो मासूच्या माणसांना आसरा वाटतो. मायलेकी जगतात त्या याच वस्तीच्या आधाराने. पण चित्रपटाला आउरेआचा कोंडमारा जितका दिसतो, तितका मासूच्या वस्तीचा इतिहास दिसत नाही. ती माणसे तिच्या दुःखाला टेकू देण्यापुरती येतात. त्या वस्तीतल्या बायाही वाळूतच पिढ्यान् पिढ्या जगल्या असणार. त्यांचे टिकून राहणे कुणाच्या कौतुकाचा विषय होत नाही. हा माझा या सुंदर चित्रपटावरचा मुख्य आक्षेप आहे.

त्या बायांनी स्वतः लेखणी घेतली असती तर काय लिहिले असते? याचे उत्तर मराठीत आहे. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातून आणि मग १९८६ साली पुस्तकरूपाने आले. पुरंदर तालुक्यातले वीरगाव, पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख. तिथेही तीन पिढ्यांच्या बाया आहेत: आजी, आई आणि लिहिणारी लेक. पण बेबीताई चिवटपणाचे गोडवे गात नाहीत. सासुरवास सोसवेना म्हणून पळालेल्या कोवळ्या सुनेच्या पायात लाकडाचा जड खोडा अडकवीत, हे त्या लिहितात. वडिलांनी आईला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे घरात कोंडले होते, हेही लिहितात. गावाने आम्हाला बाहेर ठेवले आणि आम्ही आमच्या बायांना आत कोंडले. वाळवंटाच्या आत आणखी एक वाळवंट.

आणि हे लिहिणारी बाई फलटणच्या आपल्या दुकानात बसून लिहीत होती. लिहिलेले नवऱ्यापासून लपवीत होती, सुमारे वीस वर्षे. चळवळीतल्या घरात ही गत! आम्ही पुरुषांनी हे पान वाचून पुढे उलटले आणि व्यासपीठावर जाऊन आजीच्या झिऱ्याचे वर्णन केले. मीही त्यातलाच.

याच १९८६ साली शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' प्रसिद्ध झाली. शांताबाई सांगोला तालुक्यातल्या महूदच्या. तोही पाण्यावाचून तडफडणारा माणदेश. शाळेची वाट सापडली, त्या शिक्षिका झाल्या, आणि पुढच्या पिढीत त्यांचे चिरंजीव अरुण कांबळे दलित पँथरच्या चळवळीतले कवी झाले. तेच ऊन, तोच दुष्काळ, पण तीन पिढ्यांच्या या कथेला दिशा आहे. ती दिशा वाळूने किंवा पावसाने दिली नाही. ती बाबासाहेबांच्या चळवळीने आणि पाटी-पेन्सिलीने दिली.

चित्रपटाच्या शेवटी म्हातारी झालेली लेक परत येते आणि आईला सांगते की माणूस चंद्रावर जाऊन आला, तिथे वाळूच सापडली. मायलेकी हसतात. आउरेआला निदान दुसरे जग आठवत होते. पियानोचे सूर आठवत होते. माझ्या आजीला झिऱ्यापलीकडचे काही आठवायलाच नव्हते. तिच्या 'टिकून राहण्या'ला निवड म्हणणे म्हणजे खोड्यातल्या पायाला स्थैर्य म्हणणे होय.

म्हणून समीक्षकांना, आणि आधी मला स्वतःला, एवढेच सांगणे आहे. बाई पिढ्यान् पिढ्या टिकली असे कुठे वाचले, तर तीन प्रश्न विचारावेत. पाणी कुठे होते? वाट कुणी अडवली होती? आणि घराची कडी कुणाच्या हातात होती? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या दारातून निघते. आजीच्या झिऱ्यावर मी यापुढेही बोलेन, पण आत्याला पहिल्या रांगेत बसवून. आणि आधी तिला विचारून, येशील का नाही.