एलिसलंडचें घर आणि बर्न्सची कविता

थोर कवींच्या घरांस तीर्थक्षेत्राची कळा आली, कीं त्यांभोंवतीं आख्यायिकाही जमूं लागतात; आणि कवीचा महिमा वाढविण्याच्या भरांत पुष्कळदां त्या त्याचें कर्तृत्वच झांकून टाकतात. स्कॉटलंडचा लोकप्रिय कवि रॉबर्ट बर्न्स याचें एलिसलंड येथील घर पाहतांना ही गोष्ट आम्हांस विशेष जाणवली.

डम्फ्रीज गांवाच्या उत्तरेस सुमारें सहा मैलांवर, निथ नदीच्या कांठीं, हें साधें बैठें घर आहे. १७८८ सालीं बर्न्सनें येथील सुमारें १७० एकर जमीन खंडानें घेतली आणि राहण्यासाठीं हें घर बांधविलें. जमीन निकस व दगडगोट्यांची. शेतीवर भागेना, म्हणून १७८९ पासून त्यानें अबकारी खात्याची नोकरी पतकरली. आठवड्यास २०० मैल घोड्यावर फिरावें, आणि उरल्या वेळांत शेत व लेखन पाहावें, असा त्याचा क्रम होता. अखेर १७९१ सालीं शेत सोडून तो डम्फ्रीजला गेला.

‘टॅम ओ शँटर’ हें कथाकाव्य त्यानें येथेंच १७९० सालीं रचिलें. नदीकांठच्या वाटेवर येरझारा घालतां घालतां तें एका दिवसांत स्फुरलें, असें सांगतात. पण त्याचा उगम पाहावा. फ्रान्सिस ग्रोज या पुराणवस्तुसंशोधकानें आपल्या ग्रंथांत अलोवे येथील पडक्या चर्चचें चित्र द्यावें, अशी बर्न्सनें विनंती केली; त्यावर ग्रोजनें त्या जागेची भुताटकीची गोष्ट मागितली. या मागणींतून हें काव्य निपजलें. पुढें १७९१ सालीं एका पत्रांत बर्न्सनें त्याच्या प्रतिभेबरोबर त्यावर केलेल्या कारागिरीचाही अभिमानानें उल्लेख केला आहे.

ती कारागिरी काव्यांतही दिसते. मद्यपी टॅम मध्यरात्रीं घरीं निघतो, तेव्हां कवि बोलीभाषेंतील थट्टेचा सूर एकाएकीं सोडून सुखाच्या क्षणभंगुरतेवर शिष्ट इंग्रजींत गंभीर ओळी लिहितो, आणि लगेच वादळांत शिरतो. चेटकिणींच्या नाचाचें भय दाखवून शेवटीं घोडीच्या तुटलेल्या शेपटीवर तो उपदेशाचें सोंग आणतो. असे सूर बदलणें केवळ उमाळ्याचें काम नव्हे.

१७८६ सालीं हेन्री मॅकेंझी या लेखकानें बर्न्सला जणूं दैवानेंच शिकविलेला नांगरधारी ठरविलें. स्तुति मोठी, पण तींत लहानपणीं जॉन मर्डक या शिक्षकापाशीं झालेलें शिक्षण आणि पोप, फर्ग्युसन यांचें वाचन यांस जागा उरली नाहीं. नदीकांठच्या आख्यायिकेचीही तीच गत आहे.

म्हणून एलिसलंडला जाणाऱ्यानें नदीची वाट अवश्य पाहावी, परंतु तिचें कौतुक करतांना तें निकस शेत आणि घोड्यावरची ती वणवण विसरूं नये. एवढ्या ओढाताणींतही ज्यानें ओळ न् ओळ घांसून घेतली, त्याचें तें श्रेय दैवाच्या पदरांत टाकणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.