काशिनाथ लिहिणं सोपं आहे

शिरूर-दौंडकडच्या आपल्या पोरांच्या पहिल्यावहिल्या कथा मी वाचल्यात. वहीची पानं फाडून लिहिलेल्या. माझीही त्यातलीच एक. सगळ्यांचा शेवट सारखा. नायक पाटलाची गचांडी धरतो, गाव गप होतं, निळा झेंडा फडफडतो. वाचताना रक्त तापतं. दुसऱ्या दिवशी पाळीवर गेलं की त्यातलं काही आठवत नाही.

हे कुठून येतं ते मला कळतं. आपल्याकडं गोष्ट म्हंजे रणस्तंभाची. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेली पलटण, तिच्यातले महार शिपाई, रातभर चालून सकाळी कोरेगावला पेशव्याच्या फौजेपुढं उभे. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं आले. तीच भीमा पुढं दौंडवरून वाहते. तिच्या काठच्या पोराची पहिली गोष्ट लढाईचीच असणार. मग हातात अण्णा भाऊंची 'फकिरा' (१९५९) पडते. शाळेत जेमतेम गेलेला, मुंबईत गिरणीत राबलेला हा माणूस. १९४४ च्या लाल बावटा कलापथकात अमर शेख, गवाणकरांबरोबर उभा राहिला. वग-पोवाडा लिहिणारा हात कथेत आला, म्हणून त्यांची माणसं समोर हजार डोकी बसल्यागत बोलतात. 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. ही शाळा खरी. पण पहिलीतच किती वर्षं बसायचं?

मला वरच्या वर्गात ढकललं ते बाबुराव बागुलांनी. तेही माटुंगा लेबर कॅम्पात वाढलेले. 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा, त्याच नावाच्या १९६३ च्या संग्रहातली. सुरतेजवळ उधन्याला रेल्वेत नोकरीला लागलेला निवेदक जात लपवतो. तिथंच काशिनाथ कामाला आहे. तो लपवत नाही, अंगावर येईल त्याला भिडतो. शेवटी बिंग फुटतं, निवेदक मार खातो, आणि सोडवायला काशिनाथच येतो.

आता बघा. आपल्यातल्या कुणीही काशिनाथाला 'मी' केला असता. बागुलांनी 'मी' दिला तो चोरणाऱ्याला. शिकलेल्या, गोड बोलणाऱ्या, उद्याच्या हिंदुस्थानच्या गप्पा हाणणाऱ्याला. आपल्याला आवडतो काशिनाथ, पण आपण असतो दुसराच. बागुलांची भाषा भडक, असं म्हणणारे आहेत. मलाही आधी निवेदकाची भाषणं खटकायची. मग ध्यानात आलं, लपलेला माणूसच एवढ्या मोठ्यानं बोलतो.

हे ध्यानात यायला कारण घडलं. शिरूरला खोली बघत होतो. मालकानं आडनाव विचारलं. मी गावाच्या नावाला 'कर' लावून सांगितलं. खोली मिळाली. आठ महिने बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, कपड्यांच्या खाली. चौदा एप्रिलला दौंडला जाऊन मिरवणुकीत घसा फुटेस्तोवर घोषणा दिल्या आणि यष्टी धरून परत खोलीवर. पाटलाची गचांडी धरणारी माझी ती कथा मी त्याच खोलीत लिहिली. दार लावून. घोषणा खोट्या नव्हत्या. कथा मात्र खोटी होती, कारण तिच्यात ती खोली नव्हती.

काशिनाथ लिहूच नये असं मी म्हणत नाही. पण बागुलांचा काशिनाथ एवढा उंच दिसतो, कारण त्याच्याकडं बघणारा शरमेनं वाकलेला आहे. तो बघणारा आपण गाळतो. मग काशिनाथ नुसता पुतळा होतो, साला, हार घालायला बरा.

संपादकाकडनं मी कथा परत मागितली. तो म्हणाला, "का रे, चांगली तर आहे!" मी म्हटलं, "नायक राहतो कुठं, ते लिहायचं राह्यलंय."

नवी लिहायला घेतलीय. ट्रंकेपासून सुरू होते. तीन पानं झालीत, पुढं सरकत नाही.